आमची वाटचाल: उरलेल्या कापडाचं मोल

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि डिचोली तालुक्यात घराघरासमोर खनिज वाहणारे ट्रक उभे राहिले. आमच्या दारातही एक होता. भाडं बंद, हप्ते मात्र चालूच. मी तोवर घरखर्चाला हातभार म्हणून ब्लाऊज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे. आता घर त्यावरच चालवायचं होतं, आणि ब्लाऊजचं काम लग्नसराई संपली की थंडावतं. माझी जाऊबाई आणि एक शेजारीण याही शिवणाऱ्याच, त्यांच्या घरीही तीच अवस्था. भांडवल कुणाकडेच नव्हतं. कातरणाच्या गोण्या मात्र तिघींकडे होत्या.

त्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही कापडी तोरणं शिवली आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेली. ती विकली गेल्यावर नाताळसाठी काय करता येईल याचा विचार सुरू झाला. गोव्यात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, दसरा, दिवाळी, नाताळ, मग कार्निव्हल आणि शिगमो असे सण लागोपाठ येतात, आणि ज्या घरात चवथ नाही त्या घरात नाताळ असतो. नाताळची पंचकोनी नक्षत्रं, म्हणजे चांदणीच्या आकाराचे कंदील, आम्ही कापडाची करू लागलो. आत बक्रम, म्हणजे ताठ राहणारं कडक कापड, घालून टोकं बोथट काडीने उलटून घ्यायची, म्हणजे ती टोकदार राहतात. आत एलईडी दिवाच लावायचा, हे प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो. जुना तारेचा बल्ब तापतो आणि कापडाजवळ तो नकोच.

चवथीला गणपतीच्या वर रानातल्या फळाफुलांची माटोळी बांधतात, ती मात्र आम्ही शिवत नाही. मुंबई-पुण्यात राहणारी आपली माणसं कापडी माटोळी मागतात, चार पैसेही जास्त द्यायला तयार असतात. पण माटोळीला कांगलां, घागऱ्यो, करमलां, तोरिंगां अशी फळं बांधायची म्हणून तर मुलं वर्षातून एकदा रानात जातात, झाडं ओळखायला शिकतात. त्याजागी कापसाची फळं टांगावीत असं मला वाटत नाही. गणपतीमागचा पडदा, चौरंगाचं आच्छादन, झालर, हे सगळं आनंदाने करून देतो.

कापड येतं ते शिंप्यांकडून, पडदे शिवणाऱ्या दुकानांतून आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून. हॉटेलच्या बाद झालेल्या पांढऱ्या चादरी गोधडीच्या पाठीला फार छान लागतात. जूनच्या आधी गणवेशांच्या शिलाईतून टेरिकॉटचे ढीग मिळतात. ते अंगावर घ्यायच्या वस्तूंना आम्ही वापरत नाही, पण रंग टिकतो म्हणून दारावरच्या तोरणांना ते चांगलं. कशाचं कापड आहे हे कळलं नाही तर एक दोरा काढून जाळून बघतो. सुती जळलं की कागदासारखा वास येतो आणि राख उरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. लाल चौकड्यांच्या कुणबी कापडाचे तुकडे मिळाले तर ते वेगळे जपून ठेवतो. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा लोकांसमोर आणल्यापासून पुढची पिढीही ते कापड हौसेने मागते.

आता भावाबद्दल. पणजीला लोकोत्सवात स्टॉल लावला की एक प्रश्न हमखास येतो, "कापड तर फुकटच मिळतं ना, मग गोधडी एवढी महाग कशी?" साठ बाय नव्वद इंचांची गोधडी पाच इंचांच्या चौकोनांची करायची तर २१६ तुकडे लागतात. प्रत्येक तुकडा चारी बाजूंनी पाव इंच जास्त ठेवून साडेपाच इंचांचा कापायचा, तोही उभा-आडवा धागा बघून. उरेब, म्हणजे तिरका, कापला गेला तर ताणतो आणि सगळी ओळ वाकडी जाते. त्याआधी कापड निवडायचं, धुवायचं, रंग सोडणारं बाजूला काढायचं, वाळवून इस्त्री करायची. नव्या ताग्यातून कापायला याच्या निम्माही वेळ लागत नाही. म्हणजे उरलेलं कापड स्वस्त पडत नाही, ते जास्त कष्ट मागतं. त्या कष्टाचे पैसे शिवणारीला मिळालेच पाहिजेत. म्हणून आमच्याकडे निवडण्याची आणि इस्त्रीची मजुरी शिलाईपेक्षा वेगळी मोजली जाते. घासाघीस झाली तर मी माझा नफा सोडते, मजुरीला हात लावत नाही.

मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या तेव्हा मये, पिळगाव भागातल्या बायका काम मागायला आल्या. तेव्हा ही पद्धत उपयोगाला आली. ज्यांना मशीन चालवता येत नव्हतं त्यांनी निवडणं, कापणं, धावदोरा घालणं यांवर सुरुवात केली आणि पहिल्या दिवसापासून पैसे घरी नेले.

पावसाचा त्रास मात्र दरवर्षीचाच. जून ते सप्टेंबर इथे काही वाळत नाही आणि भरलेल्या उशीला बुरशी यायला वेळ लागत नाही. त्यामुळे धुण्याचं काम मेमध्येच उरकतो आणि पावसाळ्यात उशांचे फक्त अभ्रे विकतो, चेन लावून. ऊन पडलं की भरून देतो. सावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात, तेव्हा तो कापूस गोळा करून ठेवतो. त्यात पाणी सहज शिरत नाही, म्हणून आमच्या हवेला तोच बरा. फक्त तो निसटता असतो, तेव्हा आतली पिशवी घट्ट विणीच्या कापडाची लागते आणि शिवणीवर दुहेरी टीप मारावी लागते.

आज आमच्या शिवणघरात नव्या कापडाची खरेदी होते ती अस्तर आणि बक्रम एवढीच. एका मोठ्या दुकानाने एकाच रंगसंगतीचे ढीगभर अभ्रे मागितले होते, तेव्हा नवे तागे फाडून ठिगळकाम करावं लागलं असतं. आम्ही नको म्हटलं.

तुमच्याकडे कापड असेल तर धुऊन, सुती आणि टेरिकॉट वेगळं करून आणा. हातभर लांबीचे तुकडेही चालतात, तळहाताहून लहान नकोत. आजीची जुनी साडी गोधडीत घालायची असेल तर ती उजेडात धरून बघा. विरली असेल तर आतल्या थरात घालू, चांगली असेल तर वर. चवथीच्या ऑर्डरी मेअखेरपर्यंत घेतो, नाताळच्या दसऱ्यापर्यंत.