नाक चोंदलं म्हणून गेलो आणि लिम्फोमा निघाला

देवगडला आमची कलमं आहेत, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मोहोरावर फवारणी सुरू झाली की माझं नाक चोंदायचंच, त्यात नवीन काही नाही. पण त्या वर्षी फक्त उजवी बाजू बंद, सकाळी शिंकरलं की रक्ताची खपली, आणि वास असा की बायको म्हणायची तोंड तिकडे करून झोपा. काका म्हणाले, "फवारणीचा औषध नाकात बसलाहा तुज्या." सायनस म्हणून तीनदा अँटिबायोटिक झाले. मग गाल सुजला, टाळूला चट्टा पडला, तेव्हा कुठे दुर्बिणीतून तुकडा काढला.

रिपोर्ट आला नेक्रोसिस, म्हणजे नुसतं मेलेलं मांस, कॅन्सर नाही. आम्ही कुणकेश्वराला नारळ ठेवून आलो! महिन्याभरात परत तेच, वर रात्रीचा ताप.

मग कणकवलीहून तुतारी एक्सप्रेस पकडून मुंबईला, परळच्या हॉस्पिटलात. तिथल्या मॅडमनी मान, काख, जांघ सगळं चाचपलं, गाठ एकही नाही, तरी म्हणाल्या लिम्फोमाचा, म्हणजे एरवी गाठींत सुरू होणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा, संशय आहे. मला कळेचना. तर एनके/टी-सेल म्हणून एक प्रकार आहे तो बहुतेक नाकातच सुरू होतो, कधी कातडीवर, आतड्यात, वृषणातसुद्धा. तो रक्तवाहिन्यांत घुसतो, भोवतीचं मांस मरतं, आणि वरवरचा चिमटा घेतला की हाती तेच मेलेलं लागतं. म्हणून भूल देऊन खोलवरची बायोप्सी, त्यात या आजाराच्या खुणा, सीडी ५६ आणि ईबर, दोन्ही पॉझिटिव्ह.

जुन्या स्लाइडही मागितल्या, आणि नुसत्या स्लाइड नाही, मेणात बसवलेला तुकडा असतो तो ब्लॉकपण लागतो, हे आधी कुणी सांगितलं नाही म्हणून आधीच्या लॅबला भावाच्या दोन फेऱ्या झाल्या.

ईबर म्हणजे पेशीत ईबीव्ही (एपस्टाइन-बार) नावाचा विषाणू असल्याची खूण. हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणापासूनच असतो, कॅन्सर काही कपातून लागत नाही, तरी वाडीत माझा कप वेगळा, असो.

पेट स्कॅनमध्ये आजार नाकापुरताच दिसला. लिम्फोमाला नेहमी देतात ती चॉप नावाची किमो यात फारशी चालत नाही, या पेशी ती औषधं बाहेर फेकतात म्हणे, म्हणून अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध असलेली किमो आणि २८ दिवस रेडिएशन, चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट आवळून. तोंड इतकं सोललं की सोलकढीपण झोंबायची, महिनाभर पेज आणि पेजच.

आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण आणि रक्तात ईबीव्ही किती ते बघतात. फवारणीला भाऊ चढतो, मी लांब पंपाशी बसून पाइप सोडवतो.