उतारावरचा अंगठा: लेसचा तिढा सुटला, टाचेचा अर्धा

अंगठा सुटला! गेल्या नोंदीत 450 मीटर उतरल्यावर दोन्ही अंगठ्यांची नखं ठणकत होती. तीच वाट, तेच बूट, सॅकचं वजन तेच 6 किलो, आणि या वेळी बोट एकदाही पुढे आपटलं नाही. उजव्या टाचेने मात्र मध्येच डोकं वर काढलं, म्हणून ही नोंद लांबणार.

बूट लहान असल्याची शंका आधीच निकालात निघाली होती. इनसोल, म्हणजे बुटाच्या आतली काढता येणारी गादी, बाहेर काढून त्यावर उभं राहिलं की बोटांपुढे 12 मिमी जागा उरते, तेवढी पुरते. दोष लेसचा निघाला. लेस सलग ओवलेली असते, त्यामुळे एका जागचा ताण दुसरीकडे सरकतो. उतारावर घोटा वाकला की वरच्या हुकांमधला ढिलेपणा हळूहळू पायाच्या उंचवट्यावर उतरतो, तिथली पकड सुटते आणि अख्खं पाऊल पुढे घसरतं. हे मोजायला साधी युक्ती कामी आली: शेवटच्या भोकाच्या कडेला लेसवर काळ्या शाईचा ठिपका. अर्ध्या तासाच्या उतारात तो 9 मिमी सरकला. गाठ मारल्यावर तेवढ्याच उतारात जेमतेम 2 मिमी.

गाठ कशी, ते नीट सांगायला हवं. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची. चवड्यावर लेस सैलसर, बोटं हलली पाहिजेत. मग घोटा वाकतो त्याच्या खालच्या शेवटच्या भोकांपाशी दोन्ही टोकं एकमेकींभोवती एकदा नाही, दोनदा फिरवायची आणि ओढून धरायची. ओढ न सोडता लेस थेट पुढच्या हुकात. इथे हात सैल पडला की गाठ नुसती शोभेची राहते. एक हुक वर अशीच दुसरी गाठ. त्यावर नेहमीची बांधणी, पण घोट्याभोवती फार आवळायची नाही, नाहीतर चढावर नडगीच्या खालची शीर दुखते.

आता टाच. गाठीचा शोध लागण्याआधी बुटातली मोकळी जागा भरायला 5 मिमी जाड इनसोल घातला होता. चूक तिथेच झाली. जाड इनसोलने टाच वर उचलली, बुटाच्या मागच्या वाटीतून ती बाहेर आली आणि प्रत्येक पावलाला खालीवर होऊ लागली. फोड निव्वळ घासण्याने येत नाही. कातडी मोज्याला धरून राहते, आतलं हाड सरकतं आणि मधले थर ताणले जाऊन फाटतात. घामाने कातडी ओली झाली की ती मोज्याला आणखी चिकटते. म्हणून जाड मोजे चढवून उपयोग झाला नाही. टाच हलतच होती.

उपाय उलट बाजूने सापडला. जागा तळाला भरायची नाही, वरून भरायची. मूळ पातळ इनसोल परत घातला आणि बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला 3 मिमी जाडीचा फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या दाबलेल्या कापडाचा, तुकडा चिकटवला, 60 बाय 40 मिमी. तो पाऊल खाली आणि मागे दाबतो, टाच वाटीत बसते. पहिला तुकडा 80 मिमीचा कापला होता, तो घोट्याच्या वाकणीपर्यंत पोचून शिरेवर रुतला. कोपरे गोल कापा आणि कडा तिरप्या छाटून पातळ करा, नाहीतर कडेची रेघ पायावर उमटते. जिभेच्या आत घालायचे तयार पॅडही मिळतात, पण त्यांचा आकार बदलता येत नाही. पट्टीतून कापलेलं फेल्ट सरस.

टाचेवर टेप घरून निघण्याआधीच लावायचा, कोरड्या कातडीवर, कोपरे गोल करून, एकही सुरकुती न ठेवता. वाटेत ऊब जाणवली तर तिथेच थांबून लावायचा. पुढच्या वळणावर बघू म्हटलं की फोड ठरलेला.

एक छोटा विजय. 1892 मध्ये स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी मांडलेला वेळेचा नियम: 5 किमीला एक तास आणि 600 मीटर चढाला आणखी एक तास. 9 किमीच्या या फेरीत 450 मीटर चढ, म्हणजे 108 अधिक 45, एकूण 153 मिनिटं. तीव्र उताराच्या दर 300 मीटरला 10 मिनिटं धरली की 168. थांबे वगळून प्रत्यक्षात 170 लागली. नकाशावरून काढलेला अंदाज इतका जवळ आल्याचं समाधान वेगळंच! आता परतीची वेळ अंधाराआधी दीड तास राखून बेतता येते.

पुढच्या फेरीत गोल लेस काढून चपटी घालायचं ठरलं होतं, कारण गोल गुळगुळीत लेसवर गाठ लवकर सुटते. पण हे लिहिताना लक्षात आलं की गाठ आणि फेल्ट एकाच वेळी आले, त्यामुळे श्रेय कुणाचं हे कळलेलं नाही. तेव्हा लेस थांबेल. आधी डाव्या बुटात फक्त गाठ, उजव्यात फक्त फेल्ट, दोन्हींवर शाईचा ठिपका आणि तोच 450 मीटरचा उतार. त्यानंतर अदलाबदल करून पुन्हा एकदा, कारण उजवी टाच मुळातच जास्त हलते.