भाऊ अठरा वर्षांचा झाला आणि सगळ्या सेवा एकदम थांबल्या

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा राहत नाही. जोडीला बौद्धिक अक्षमता आणि फिट्सही. लहानपणापासून जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून फिजिओथेरपी मिळायची, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या विशेष शिक्षिका घरी यायच्या. दोन्ही अठरा वर्षांपर्यंतच. पुढे कुणाकडे जायचं, हे सांगणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. त्यातच बँकेने आईची सही नाकारली. मुलगा सज्ञान झालाय, पालकत्वाचा आदेश आणा, म्हणाले.

वाट दाखवली ती त्या शिक्षिकांनीच. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता (एकाहून जास्त अपंगत्वं) असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला प्रमाणपत्राने. जुन्या दाखल्यावर फक्त हातापायांचं अपंगत्व होतं. बहुविकलांगतेची नोंद हवी तर अस्थिरोगतज्ज्ञ एका दिवशी, मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या. दर वेळी गाडी करायची, त्याला उचलून न्यायचं, आणि तीच माहिती पहिल्यापासून सांगायची. शेवटी बाईंच्या मदतीने मी एका पानावर सगळं लिहून काढलं: औषधं, फिट आली तर काय करायचं, काय खातो, आणि ‘हो’ म्हणायला तो नजर वर नेतो. त्या पानाच्या प्रती प्रत्येक टेबलावर दिल्या.

समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आमच्या बैठकीत त्या दिव्यांग सदस्या ते पान वाचून थेट भावाकडे वळल्या. “आई तुझं बघते, ते चालेल ना तुला?” त्याने नजर वर नेली. एवढ्या वर्षांत सरकारी कचेरीत त्याला स्वतःला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. माझ्या मते हा प्रश्न प्रत्येक टेबलावर विचारला गेला पाहिजे.

आदेश मिळाला, खातं सुरू झालं. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. तो आईच ठेवते. एक लाखापर्यंत संरक्षण देणाऱ्या निरामय आरोग्य विम्यातही त्याचं नाव घातलं.

फिजिओथेरपीचं मात्र अडलेलंच आहे. विमा बिलाचे पैसे देईल, पण तालुक्यात मोठ्या मुलांना घेणारं केंद्र तर हवं! मूल सतरा वर्षांचं झालं की रुग्णालय, शाळा आणि दिव्यांग कल्याण विभागाची माणसं एकदा त्याच्या घरच्यांसोबत बसावीत, अशी मागणी आम्ही काही पालकांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी दिली आहे.