राजगड–तोरणा बॅचबरोबर: बुधल्याच्या शिडीपाशी किती वाजता पोचणार, ते आधी विचारा

राजगड ते तोरणा ट्रेकला पैसे घेऊन माणसांची बॅच नेणाऱ्या ग्रुपांच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं 'ईझी टू मॉडरेट, पहिल्यांदा येणाऱ्यांचंही स्वागत'. हे साफ चूक आहे. गुंजवण्यातून राजगड चढायचा, संजीवनी माचीवरून उतरायचं, डोंगरसोंडेवरून तोरणा गाठायचा आणि वेल्ह्यात उतरायचं, म्हणजे दहा ते बारा तासांचं काम. जाहिरातीतले किलोमीटर बघून बेत करू नका. तासांचा हिशोब करा, कारण वेळ खातो तो तोरण्याच्या बुधला माचीवरचा शेवटचा चढ, आणि तो किलोमीटरांत दिसतच नाही.

राजगडाबद्दल फार लिहीत नाही. चोरदरवाज्याची वाट रेलिंगची आहे, अडीच तासांत पद्मावती माची येते. बालेकिल्ला आणि नेढं (कातळातलं आरपार भोक) या बॅचमध्ये होत नाही. कुणी होईल म्हणालं तर पुढचं गणित बिघडणार हे समजून घ्या. पद्मावतीवर पाणी काठोकाठ भरून घ्या, माणशी चार लिटर. तिथून तोरण्यावरच्या मेंगाईच्या देवळाजवळच्या टाक्यांपर्यंत भरवशाचं पाणी कुठेच नाही. सोंडेवर शनिवार-रविवारी गावकरी ताक-सरबत घेऊन बसतात, पण ते असतीलच असं धरून निघू नका.

संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून सकाळी आठच्या आत बाहेर पडलं पाहिजे. उतार तीव्र आहे, पण पाय ताजे असतात. पुढे सोंड उघडीवाघडी, टेकाडामागून टेकाड. अकराच्या सुमाराला खिंडीत भुतोंडे गावाकडे जाणारा गाडीरस्ता आडवा येतो. अख्ख्या ट्रेकमध्ये सुटकेची जागा ही एवढीच. ज्याच्या पायात गोळे येताहेत, ज्याचं अर्ध्याहून जास्त पाणी संपलंय, त्याने इथेच थांबायचं. बस गुंजवण्याहून थेट वेल्ह्याला जाते, म्हणून बुकिंगच्या आधीच विचारा, की खिंडीतून माणूस खाली न्यायला गाडी आहे का. 'बघू तेव्हा' असं उत्तर आलं तर पैसे भरू नका. वर अडकलेल्या माणसाला खाली आणणं हे कितीतरी जास्त अवघड आहे.

आता मुख्य गोष्ट. खिंडीनंतर चढ वाढत जातो, थोडी झाडी लागते आणि मग बुधला माचीच्या खालचा घसारा सुरू होतो. डिसेंबरपर्यंत गवत वाळलेलं असतं, मुरमावर बारीक खडे सुटे पडलेले असतात आणि त्याखाली कडक कातळ. पाय टेकला की खडे चाकांसारखे फिरतात. पुढे वाकून गवताला धरून चढणारे हमखास घसरतात, कारण वाळलेलं गवत मुळासकट हातात येतं आणि वाकल्यामुळे टाचेवरचा भार सुटतो. अंग सरळ ठेवा, पूर्ण तळवा टेकवा, पावलं छोटी टाका. बुटाचा तळ झिजलेला असेल तर या ट्रेकला येऊच नका. अॅक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूट पुरतात, गुळगुळीत तळाचे रनिंग शूज अजिबात नकोत.

घसाऱ्याच्या डोक्यावर लोखंडी शिडी आणि तिच्यावर कातळटप्पा. कोरड्या दिवसात टप्पा तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, खाचा चांगल्या आहेत. दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम कातळाला. खांद्यावर एका बाजूला लटकणारी बॅग इथे माणसाला ओढते, म्हणून सॅक दोन्ही पट्ट्यांची आणि कमरेला बांधलेली हवी. काठ्या घडी करून आधीच सॅकमध्ये.

त्रास होतो तो गर्दीमुळे. शिडीवर एका वेळी एकच माणूस. शिडी आणि टप्पा धरून माणशी दोन ते तीन मिनिटं, म्हणजे 32 जणांच्या बॅचला तास ते दीड तास. आणि हे सगळे उभे कुठे राहतात? त्याच घसाऱ्यावर, वरच्या माणसाच्या बरोबर खाली, दुपारच्या उन्हात. वरून सुटलेला दगड थेट रांगेत येतो. दगड सुटला तर ज्याच्या पायाखालून सुटला त्याने 'दगड!' म्हणून ओरडायचं, आणि खालच्यांनी शिडीच्या सरळ रेषेत न थांबता बाजूला, कातळाला चिकटून थांबायचं. लीडरने हे घसाऱ्याच्या आधी सांगायला हवं, शिडीखाली पोचल्यावर नव्हे. डिसेंबरात आमची बॅच गेली त्या रविवारी तीन बॅचेस एकाच वेळी शिडीखाली होत्या. पुढे एक लीडर, मागे एक, आणि दोर मागच्याच्या सॅकमध्ये! असला प्रकार अक्षम्य आहे.

म्हणून फोनवर चारच प्रश्न विचारा: बॅच कितीची, लीडर किती, दोर कुणाकडे, शिडीपाशी किती वाजता. वीसच्या वर बॅच असेल तर दुसरा ग्रुप शोधा. आठ जणांमागे एक अनुभवी लीडर हवा. शिडीची वेळ दुपारी दोनच्या आत हवी, कारण डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी आहे का तेही विचारा, संकोच करू नका.

डिओ, अत्तर लावू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात. बुधल्यापाशी आरडाओरडा आणि सिगारेट तर नाहीच.

'जेवणासह' म्हणजे सकाळी हातात दिलेलं पाकीट, जे तुम्हालाच वाहायचं आहे. सोंडेवर कोरडी पोळी-भाजी गिळवत नाही. गूळ-शेंगदाणे, खजूर, दोन संत्री आणि मीठ-साखरेची पुडी स्वतःची न्या.

बुधल्यावरून कोकण दरवाज्याने गडात शिरलं की चढ संपला, पण दिवस संपत नाही. वेल्ह्याचा उतार जवळजवळ 700 मीटरचा आहे आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. काठ्या आता बाहेर काढा. बिनी दरवाज्याखालच्या कातळात रेलिंगला तोंड करून उतरा, पाठ करून नाही. डोक्याला लावायची बॅटरी माणशी एक हवीच, मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो आणि तोच हात रेलिंगला लागतो.