खमिराची भूक

जर्मनीत आल्यावर मी जीव लावला तो रायच्या, म्हणजे गव्हासारख्या एका धान्याच्या, पावाला. काळपट, जडसर, वरून टणक आणि आत दमट. पातळ चकती कापून लोणी लावलं की दोन घासांत पोटाला आधार मिळतो आणि तोंडात आंबूस चव रेंगाळत राहते. लाइपझिगमध्ये आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांत संध्याकाळी गॅस पेटत नाही. पाव, चीज, काकडी, मुळा, एवढ्यावर जेवण होतं. या देशाने आपल्या पाव-संस्कृतीला २०१४मध्ये अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा दिली, ती उगाच नाही.

हा पाव बाजारच्या यीस्टवर नीट होत नाही, त्याला आंबट खमीरच लागतं. रायच्या पिठात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते पिष्टाची साखर करतं आणि पाव ओव्हनमध्ये गेल्यावरही काही काळ काम चालूच ठेवतं. पिठात आम्ल नसेल तर पिष्ट मोडून आतला भाग गिच्च होतो, सुरीला लगदा चिकटतो. खमिरातलं आम्ल या अमायलेजला आवर घालतं. म्हणजे आंबटपणा नुसता चवीसाठी नाही, त्याच्याशिवाय पाव उभाच राहत नाही.

खमीर लावायला पीठ आणि पाणी पुरतं. रायचं कोंड्यासकट पीठ ५० ग्रॅम आणि कोमट पाणी ५० ग्रॅम काचेच्या बरणीत कालवायचं, झाकण सैल ठेवायचं. पुढे रोज त्यातलं थोडंसं ठेवून बाकीचं काढायचं आणि पुन्हा तेवढंच पीठ-पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी बरणी जोरात फसफसते आणि माणूस हरखून जातो. पण तो उत्साह भलत्याच जिवाणूंचा असतो. आंबटपणा वाढला की ते मरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळं गार पडतं. बहुतेक लोक इथेच बरणी धुऊन टाकतात. कृपा करून धुऊ नका. पीठ-पाणी देत राहा. आम्लात तगणारे लॅक्टिक जिवाणू आणि रानटी यीस्ट याच शांततेत जम बसवत असतात. आठवड्या-दीड आठवड्यात तेच मिश्रण ठरल्या वेळी फुगायला लागतं आणि त्याला पिकल्या फळासारखा वास येतो.

लावणं सोपं, जगवणं हे खरं काम. त्याबद्दल मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे: घड्याळ बघू नका, भूक बघा. ‘दर बारा तासांनी द्या’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण २८ अंशांवरचे बारा तास आणि १८ अंशांवरचे बारा तास यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आमचं स्वयंपाकघर जुन्या इमारतीत उत्तरेकडे आहे. जानेवारीत तिथलं खमीर रात्रभर ढिम्म असतं, तर जुलैत सकाळी घातलेलं दुपारच्या जेवणाआधी फुगून परत बसलेलं असतं.

भूक ओळखायच्या खुणा स्वच्छ असतात. रायचं खमीर गव्हाच्या खमिरासारखं घुमटाकार फुगत नाही. म्हणून कालवून झालं की वर कोरडं पीठ भुरभुरायचं. खमीर वर आलं की त्या पिठाला भेगा पडतात, सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या. भेगा रुंद झाल्या आणि मधला भाग अजून खचलेला नाही, ही पाव लावायची वेळ. मधे खड्डा पडला की ते भुकेलं आहे. आणखी थांबलात तर नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येतो आणि वर करडं-तपकिरी पाणी सुटतं. त्या पाण्याला घाबरू नका. ते ओतून टाकायचं किंवा ढवळून घ्यायचं आणि पीठ द्यायचं. मात्र केसाळ बुरशी दिसली किंवा गुलाबी-नारिंगी रेघ दिसली तर वरवर काढून वाचवायला जाऊ नका. सगळं फेकायचं.

किती पीठ द्यायचं तेही भुकेवरच ठरतं. एक चमचा खमिराला एकेक चमचा पीठ आणि पाणी दिलं तर ते लवकर फुगतं आणि लवकर उपाशी होतं. पाच-पाच चमचे दिले तर निवांत चालतं. घरी कोणी नसेल त्या दिवशी जास्त द्यायचं, संध्याकाळीच पाव करायचा असेल तर कमी. पिठाच्या पुड्यावर आकडा असतो तोही बघा. इथे रायचं ११५० नंबरचं पीठ सर्रास मिळतं. तो आकडा पिठातल्या खनिजांचा: १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर साधारण ११५० मिलिग्रॅम राख उरते. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त, आणि खमीर तितकं खूश.

मी हे सगळं शिकले ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडून. २०२०च्या मार्चमध्ये दुकानांतून यीस्ट आणि पीठ दोन्ही नाहीसं झालं होतं, तेव्हा त्यांनी जिन्याच्या कठड्यावर झाकलेल्या वाटीत खमीर ठेवलं आणि दोन पायऱ्या मागे सरकून ते कसं वाढवायचं ते सांगितलं. पुढे त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं. रात्रभर आंबलेल्या पिठात मीठ घालण्याआधी त्या लाकडी चमच्याने एक गोळा बाजूला काढतात, काचेच्या लहान बरणीत घालतात, बरणीची कड बोटाने पुसतात आणि ती फ्रीजमध्ये ठेवतात. मगच मिठाच्या डब्याला हात. पुढच्या पावाची सोय आधी, आजचा पाव नंतर. फ्रीजमध्ये ते आठवडाभर नीट राहतं, दोन आठवडे गेले तरी मरत नाही, फक्त जागं करायला एक-दोनदा पीठ-पाणी द्यावं लागतं. आपल्याकडे शेजारी विरजण मागतात, तसंच हेही मागता येतं, आणि द्यायलाही काही वाटत नाही. दोन-तीन घरांत दिलेलं खमीर आपल्याकडचं बिघडलं तर परत मिळतं, याहून चांगला विमा नाही.

‘आमचं खमीर शंभर वर्षांचं’ असं काही बेकऱ्या अभिमानाने सांगतात. परंपरा म्हणून ते छानच आहे, पण पावाला त्या वयाचा उपयोग नाही. बरणीतले जिवाणू कालपरवाच्या पिठावर जगतात. पीठ, ऊब आणि देण्याची वेळ बदलली की वस्तीही हळूहळू बदलते. बेल्जियममध्ये सांक्ट फिट गावी २०१३पासून खमिरांचं एक ग्रंथालय आहे. तिथे निरनिराळ्या देशांची खमिरं जपली आहेत, आणि ती बदलू नयेत म्हणून ज्या पिठावर ती वाढली तेच पीठ त्या त्या बेकरकडून मागवलं जातं. मला त्यातून जे कळतं ते असं, की आज लावलेलं आणि नीट पोसलेलं खमीर कुठल्याही जुन्या खमिराच्या पंगतीला बसू शकतं.

रोज काढून टाकावं लागतं त्याचं काय, हा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. आमच्याकडे ते फ्रीजमधल्या डब्यात साठतं आणि शनिवारी त्याची धिरडी होतात. थोडं बेसन, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, जिरं, हळद, मीठ. आंबूसपणा आधीच असतो म्हणून ताक लागत नाही. बिडाच्या तव्यावर कडा कुरकुरीत होतात. बेसन फार घालू नका, नाहीतर खमिराची चव झाकून जाते.

सुट्टीवर जाताना मी खमिरात कोरडं रायचं पीठ चोळत राहते, हातात रवाळ भुगा होईपर्यंत. तो पसरून पूर्ण वाळवला आणि घट्ट डब्यात ठेवला की महिनोन्‌महिने टिकतो. असा भुगा पुण्याला ताईकडेही पोचला आहे. तिच्याकडे राय मिळत नाही, म्हणून ती ते चक्कीवरच्या गव्हाच्या पिठावर वाढवते, आणि ते झकास चालतं. आंबवलेला पाव आपल्याला परका नाहीच, गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, माडाची सूर घालून पाव फुगवायचे.

पुण्याच्या उन्हाळ्यात मात्र माझी इथली पद्धत तशीच वापरून चालत नाही. ३८ अंशांत खमीर तीन-चार तासांत उपाशी होतं. तिथे एका चमच्याला दहा चमचे पीठ द्या, पाणी माठातलं घ्या आणि गोळा घट्ट ठेवा, कारण घट्ट पीठ हळू आंबतं. पिठाच्या दोन टक्के मीठ घातलं तर वेग आणखी कमी होतो. जर्मन बेकरही गरजेला ही मिठाची युक्ती वापरतात. एवढं करूनही सांभाळता येत नसेल तर फुगायला लागलं की सरळ फ्रीजमध्ये टाका आणि पाव करायच्या आदल्या रात्री बाहेर काढा. ताई सध्या हेच करते आहे, आणि तिचा पाव माझ्यापेक्षा उंच फुगतो.