तुम्ही विचारलंत म्हणून: सरस्वती होती की नव्हती?

लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, व्याख्यानानंतर चहाच्या रांगेत, प्रश्न ठरलेला. "सर, सरस्वती होती की नव्हती? एका शब्दात सांगा." एका शब्दात सांगता येत नाही म्हटलं की "सर शिताफीनं टाळतात" अशी ख्याती होते. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो.

ऋग्वेदातली सरस्वती नदी म्हणजे हरियाणा-राजस्थानातून पाकिस्तानात जाणारी घग्गर-हाक्रा, असं अनेक जण मानतात. तिच्या पात्रातून सतलज कधी काळी वाहायची, यावर फारसं भांडण नाही. भांडण आहे ते ती कधी गेली यावर. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राजस्थानातल्या कालीबंगनजवळच्या गाळाचं वय काढलं, तर सतलजनं हे पात्र सुमारे 8000 वर्षांपूर्वीच सोडलेलं निघालं. हडप्पाकालीन कालीबंगन त्यानंतर हजारो वर्षांनी उभं राहिलं. म्हणजे शहर वसलं ते मोठ्या नदीनं टाकून दिलेल्या दरीत. मला तर यात कमीपणा काहीच दिसत नाही. हिमालयातली मोठी नदी पात्र बदलते आणि जाताना गावं घेऊन जाते. ती गेल्यावर त्या खोलगट जागेत पावसाळ्यात शिवालिककडचं पाणी येतं, गाळ भिजवतं, ओसरतं. त्या ओलीवर रब्बी निघते. आजही हनुमानगडकडे या पात्राला 'नाली' म्हणतात आणि आजूबाजूला वाळूची टेकाडं असताना त्यात भात लावतात.

कालीबंगनला तर हडप्पापूर्व काळातलं नांगरलेलं शेतच मिळालं. एका दिशेचे तास, म्हणजे नांगराच्या रेघा, साधारण 30 सेंटिमीटरवर, त्यांना आडवे छेदणारे जवळजवळ 1.90 मीटरवर. उत्खनन करणाऱ्यांना तिथल्या चालू शेतांतही हीच पद्धत दिसली. दाट तासांत कडधान्य, विरळ तासांत मोहरी.

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानमालेत हे सगळं सांगत होतो. पुढच्या रांगेत शाळेत मला संस्कृत शिकवणारे सर बसले होते. प्रश्नोत्तरं सुरू झाली तसे काठी टेकत उठले. म्हणाले, "म्हणजे ऋग्वेदातलं सरस्वतीचं 'अम्बितमे नदीतमे' तुमच्याकडून मी उगाच घोकून घेतलं?" मी म्हणालो, "नाही सर, कवीनं काय पाहिलं ते गाळ सांगत नाही." वाक्य पुरतं होण्याआधी मागून टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "थोतांड संपलं एकदाचं!" त्या टाळ्या सरांनी माझ्याकडे बघत ऐकल्या आणि ते तसेच दाराकडे निघाले. मला संताप आला. मग टाळ्या वाजवणाऱ्यांना मी 2019 चा शोधनिबंध सांगायला घेतला. त्याचं म्हणणं, 9000 ते 4500 वर्षांपूर्वी, म्हणजे सुरुवातीच्या हडप्पा वस्त्यांच्या काळातही, घग्गर बारमाही होती. टाळ्या थांबल्या. आयोजकांनी घाईघाईनं आभार मानले.

कुंपणावर बसलोय असं म्हणा हवं तर. मी 2017 च्या बाजूला झुकतो, पण 2019 चा निबंध मला खोडून काढता आलेला नाही.

विद्यार्थीदशेतला मी याहून ठाम होतो. पाऊस वाढला, शहरं आली; आटला, गेली. त्या विद्यार्थ्याला आज मी राजस्थानातलं लुणकरणसरचं सरोवर दाखवतो. ते शहरांच्या भरभराटीआधीच कोरडं पडलं होतं. तो म्हणतो, मग 4200 वर्षांपूर्वी मान्सून मंदावला आणि वस्त्या पूर्वेकडे सरकल्या, त्याचं काय? त्याचंही बरोबर आहे.

तेव्हा पुढच्या वेळी निदान 'कुठल्या काळातली सरस्वती?' असं विचारा. मग उत्तर लांबलं तरी कुरकुर करायची नाही.