श्वास कोंडून उठणारे काका

काका खुर्चीवरून उठत होते तेव्हा फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं लक्ष त्यांच्या पायांपेक्षा श्वासाकडे होतं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवलेले, ओठ घट्ट मिटलेले, गळ्यावरची शीर टरारलेली. पूर्ण उभे राहिले तेव्हा कुठे ‘हुश्श’ बाहेर पडलं. आणि हेच काका दोन मिनिटांपूर्वी मला सांगत होते, “सहा आठवडे झाले, मी काही म्हणता काही केलेलं नाही.”

पोटातल्या महाधमनीचा एन्युरिझम, 4.2 सेंटीमीटर. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडला. तिथे ही रक्तवाहिनी साधारण 2 सेंटीमीटर रुंद असते, 3 च्या पुढे फुगली की एन्युरिझम म्हणायचं. पुरुषांत शस्त्रक्रियेचा विचार सहसा 5.5 च्या सुमारास होतो. तोवर ठरावीक काळाने तपासणी, रक्तदाब आटोक्यात आणि धूम्रपान बंद. काकांच्या मनात मात्र फाइलवरची एकच ओळ रुतून बसली होती: ‘जड काम टाळा’. जड म्हणजे किती, ते कुणीच लिहिलं नव्हतं. या ओळीचा मला मनापासून राग येतो. लिहायला क्षणभर लागतो आणि तिकडे माणूस पाण्याचा तांब्याही उचलायचा बंद होतो. काकू सगळं हातात आणून देत होत्या. मांड्यांतली ताकद गेल्यामुळे साधं उठणंच काकांना जड काम झालं होतं.

श्वास रोखून जोर लावला की छाती-पोटातला दाब वाढतो आणि रक्तदाब एकदम उसळतो. दंडावरच्या पट्ट्याला ही उसळी सापडत नाही. पट्टा फुगून उतरेपर्यंत ती ओसरलेली असते, म्हणून नोंदीत सगळं छान दिसतं. अशा वेळी कान आणि डोळेच कामाला येतात.

मग आम्ही अर्धा तास फक्त उठलो आणि बसलो. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्यायच्या. नाक पायांच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं, की वजन आपसूक पायांवर येतं. आणि उठताना गरम चहावर घालतो तशी लांब फुंकर. खुर्चीवर मी एक जाड उशी ठेवली, कारण बैठक चार बोटं उंच झाली तरी बराच जोर वाचतो. पलंगावरून उताणं असताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. वस्तू अंगाजवळ धरून, बोलत बोलत उचलायची. बोलणं तुटलं तर ती वस्तू तिथेच ठेवायची. शौचाला कुंथायला लागतं का, हेही मी विचारलं. काका ओशाळले, पण लागत होतं. हे त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

चौथ्या भेटीत काका व्हरांड्यात सहज गप्पा मारत चालत होते. मधेच म्हणाले, “सकाळपासून पाठ भरून आलीये.”

मी तिथेच थांबवलं. सहकारी म्हणाला, “अगं, इतक्या दिवसांनी चालतायत, स्नायू दुखणारच.” शक्यता त्याचीच जास्त होती. पण एन्युरिझम माहीत असलेल्या माणसाला पाठीत किंवा पोटात नवं दुखणं सुरू झालं, तर ते फुगा फुटत असल्याचं लक्षणही असू शकतं; ते स्नायूंचंच आहे हे माझ्या हातांनी ठरवायचं नसतं. काकांना आडवं केलं, नाडी आणि रक्तदाब बघितला, रुग्णवाहिका बोलावली. सीटी स्कॅन झाला. फुगा होता तेवढाच होता, दुखणं स्नायूंचंच निघालं.

काकूंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मला रडू आलं. मागून काकांचा आवाज आला, “चाललो म्हणूनच झालं ना हे?”

या प्रश्नाने मला अजून सोडलेलं नाही. मध्यम चालण्याने लहान एन्युरिझम वेगाने वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण पाठ दुखेल, ती बहुधा स्नायूंचीच असेल आणि तरीही मी तुम्हाला तातडीच्या विभागात पाठवेन, हे सांगितलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाला आणखी कशाला घाबरवा, असं वाटलं होतं. ती माझी चूक. काकांना पाठवल्याचा पश्चात्ताप मात्र नाही, उद्या असं झालं तर पुन्हा पाठवेन. आता ही तिन्ही वाक्यं मी पहिल्या भेटीतच सांगते.

काका त्यानंतर आले नाहीत. मागच्या आठवड्यात मी फोन केला. काकू म्हणाल्या, “फिरायला नाही म्हणतात अजून. पण खुर्चीतून उठताना फुंकर घालतात हं, मला आतल्या खोलीत ऐकू येते.” उशी अजून खुर्चीवर आहे का, तेवढं विचारलं. आहे म्हणाल्या. सोमवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे.